नेमकी निम्मी

होर्शम
१० मार्च १९९९

चि. डर्मट यास,
अ. आ.

काल, मंगळवार नऊ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, आपल्या रोझलीनला प्रुइट नावाच्या माणसानं स्टॉपवॉच लावून तासभर मोजलं आणि ती सदतीस टक्के भरली. गेल्या वर्षी ती चौऱ्याहत्तर होती.

तू जिलाँगला जाऊन बसल्यापासून तुझं तिच्या अपंगांच्या कार्यशाळेकडे लक्ष नाही, म्हणून सांगते. रोझलीन आता बावन्न वर्षांची आहे. एकोणीस वर्षं ती त्याच बाकावर बसून मोटेलच्या खोल्यांत ठेवायच्या पुड्या भरते: दोन चहा, एक कॉफी, दोन साखरा, दोन बिस्किटं. भरलेली पुडी आपल्या निळ्या टबात टाकायची. धडधाकट माणूस तासाला जेवढ्या भरतो, त्याच्या जितके टक्के टब भरेल तितके टक्के मजुरी. माणसाला असं शेकड्यावर तोलावं का, यावर मला पुष्कळ बोलायचं आहे. आज नाही, आज माझं डोकं वेगळ्याच गोष्टीनं फिरलंय.

चाळीसच्या खाली गेलं की बाक जातो. बारा एप्रिलपासून रोझलीनला वरच्या मजल्यावर पाठवणार, जिथे रंगीत खडू देतात आणि दुपारी गाणी म्हणायला लावतात. आईच्या मागे तिला स्वतःचं असं काय राहिलंय? तो बाक, नाव लिहिलेला एप्रन आणि हजेरीचं कार्ड. ते कार्ड ती रविवारीसुद्धा खिशात ठेवते.

पर्यवेक्षिका ग्लेनिस म्हणाली, वयानं होतं असं, मनाला लावून घेऊ नका. मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत, कुठली गोष्ट मनाला लावायची ते मला ग्लेनिसनं शिकवायला नको. घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर घड्याळ ठेवलं आणि रोझलीनला पुड्या भरायला बसवलं. मीही बसले. तिच्या वीस झाल्या तेव्हा माझ्या सतरा होत्या. आता सांग, मी किती टक्के? डॉक्टरांनी तिचे डोळे, गुडघे, रक्तदाब सगळं पाहिलं, काही नाही. तिला विचारलं तर हसते आणि म्हणते, सांगायचं नाहीये. कुणी सांगितलं सांगायचं नाही म्हणून? तेही सांगायचं नाहीये.

मला काही कळत नाही, आणि न कळण्याची मला सवय नाही.

लोभ आहेच, तो वाढव असं म्हणत नाही. पत्रं मात्र वाढव.

तुझी,
फिलोमिना

•

जिलाँग
१३ मार्च

ती. फिलोमिना हिस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मीही चक्रावलो. घड्याळ बिघडलं असेल, असं आधी वाटलं. पण घड्याळ बिघडलं तर सगळेच खाली आले असते. मग वाटलं, रोझलीन रुसली असेल. पण ती रुसली की जेवत नाही, काम कमी करत नाही. एक गोष्ट तेवढी खटकली. चौऱ्याहत्तरचे निम्मे सदतीसच होतात. माणूस थकला तर इतका नेमका थकत नाही, फिलो. मी पस्तीस वर्षं सुतारकी केली आहे. काही नेमकं अर्ध्यावर आलं की समजावं, कुणीतरी मापून कापलंय.

काय ते कळेपर्यंत कुणाला पत्र टाकू नकोस. तुझी पत्रं एकदा सुटली की परत येत नाहीत. नगरपालिकेतला तो बिचारा कारकून अजून तुला पाहून रस्ता ओलांडतो.

माया आहे तशीच असू दे.

तुझा,
डर्मट

•

होर्शम
१७ मार्च

चि. डर्मट यास,
अ. आ.

तो कारकून बिचारा नव्हता.

आज सेंट पॅट्रिकचा दिवस म्हणून सगळ्यांना सोडा ब्रेड घेऊन गेले आणि त्या निमित्तानं तासभर तिथेच बसले. रोझलीनच्या शेजारच्या बाकावर नेव्हिल स्मॉलरिज बसतो. उंच, साठीचा, कुणाशी फार न बोलणारा. गेल्या हिवाळ्यापासून त्याचे हात थरथरतात. साखरेची पुडी उचलतो ती दोनदा खाली पडते. हा माणूस गेल्या वर्षी पंचेचाळीस होता, तेव्हा हात धड होते. नऊ मार्चला किती भरला असेल? सत्तावन्न. हात बिघडले आणि टक्के वाढले!

मी ग्लेनिसला विचारलं, असं कसं. ती म्हणाली, जिद्द. मी म्हटलं, जिद्दीनं साखर पडायची थांबत नाही. शेजारचा टब हाताच्या अंतरावर असतो, डर्मट. तो रोझलीनच्या पुड्या उचलतो, याशिवाय दुसरा हिशेब लागत नाही, आणि चहाडी करायची नाही हे आपल्या घरातलं खूळ तिच्या डोक्यात पक्कं असल्यामुळे ती तोंड उघडत नाही. जाताना त्यानं माझ्यासाठी दार धरलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मन खात असणार.

व्यवस्थापक ॲलरडाइस यांच्या नावे त्याचं नाव घालून तक्रार लिहिली आहे. रोझलीनचे पालक म्हणून आपल्या दोघांच्या सह्या लागतात. सोबतच्या कागदावर सही करून परतीच्या टपालानं पाठव. नेव्हिल वरच्या मजल्यावर गेला तर जाईना का. मला त्याचं वाईट वाटतं, पण बहीण माझी आहे.

उत्तराबरोबर शहाणपण नको, फक्त सही पाठव.

तुझी,
फिलोमिना

•

होर्शम
१७ मार्च

डर्मट,
सा. न. वि. वि. फिलो म्हणते हे आधी लिहायचं. का ते माहीत नाही.

मी बरी आहे. कुत्रा बरा आहे. फिलो रागावली आहे. माझ्यावर नाही. ती नेव्हकडे पाहत होती.

मी तुला एक सांगते. फिलोला सांगू नकोस. राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा उपवास सुरू झाला. मी म्हटलं उपवासात चॉकलेट सोडते. फिलो म्हणाली चॉकलेट काय कुणीही सोडतं. तुझं जे आहे त्यातलं अर्धं ज्याच्याकडे कमी आहे त्याला दे. आणि कुणाला सांगायचं नाही. मलाही नाही. सांगितलं की ते मोजत नाहीत.

माझ्याकडे पुड्या आहेत. नेव्हकडे कमी आहेत. एक माझ्या टबात. एक नेव्हच्या टबात. नेव्ह नको म्हणतो. मी म्हटलं उपवास आहे. तो रडला. मग नाक पुसलं.

तुला सांगितलं तर चालतं ना. तू लांब आहेस. ईस्टरपर्यंत वर नाही ना पाठवणार मला? मला खडू आवडत नाहीत.

रोझलीन

•

जिलाँग
२० मार्च

ती. फिलोमिना हिस,
सा. न. वि. वि.

सही करत नाही. कारण विचारू नकोस, मी शब्दाला बांधलेला आहे, आणि चहाडी न करण्याचं खूळ मलाही त्याच घरात लागलं.

फक्त एक विचारतो. राखेच्या बुधवारी, कपाळावरची राख पुसायच्या आधी, चॉकलेटवरून तू रोझलीनला काय सांगितलंस? शब्दन् शब्द आठव. लहानपणी वर्गातल्या सिस्टर ॲसम्प्टाचा आवाज काढून तू उपदेश करायचीस, तो आवाज काढून म्हण. मग उभी असलीस तर आधी खुर्चीवर बस.

नेव्हिल पुडी कशी धरतो ते काढून पाठव. चित्र वेडंवाकडं चालेल. गॅरेजमध्ये बीच लाकडाचा एक चांगला तुकडा पडून आहे.

रागावलीस तरी पत्र लिहिशीलच, म्हणून काळजी नाही.

तुझा,
डर्मट

•

होर्शम
२३ मार्च

चि. डर्मट यास,
अ. आ.

बसले. बराच वेळ बसले.

नेव्हिलच्या नावाची ती तक्रार चुलीत घातली. रोझलीनला मी काही विचारलं नाही, विचारलं असतं तर तिचा उपवास मोडला असता. काल संध्याकाळी ती वाटाणे सोलत होती. तिनं अर्धे माझ्या वाडग्यात टाकले, आणि मी पाहिलं म्हणून पटकन परत काढून घेतले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मला अजून कळत नाही की तिला शिकवणारी मी कोण होते. तीस वर्षांत मी स्वतः चॉकलेटापलीकडे काय सोडलं?

नेव्हिलच्या हाताचं चित्र सोबत आहे. खालच्या पत्राची ही तुझी प्रत. या वेळी सही कर. पत्रात तिचं गुपित कुठेही फोडलेलं नाही, तपासून बघ.

तुझी,
फिलोमिना

रा. रा. ॲलरडाइस, व्यवस्थापक, यांस,
स. न. वि. वि.

मंगळवार, नऊ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपल्याकडे झालेली मिस रोझलीन टिअर्नी यांची मोजणी चुकीची आहे. चूक त्यांची नाही, प्रुइट यांच्या घड्याळाची नाही, आणि शेजारच्या बाकावरच्या कुणाचीही नाही. एका तिसऱ्या व्यक्तीची आहे. ती व्यक्ती मी आहे. काय चूक ते मला माहीत आहे, ते मी सांगणार नाही, आणि आपण खोदून विचारू नये.

फेरमोजणी ईस्टरनंतर, बुधवार सात एप्रिलला व्हावी. त्या दिवशी त्या किती भरतील ते मी आजच सांगते: चौऱ्याहत्तर, एखादा टक्का इकडेतिकडे. तोवर त्यांचा बाक हलवू नये.

नेव्हिल स्मॉलरिज यांच्या बाकासाठी माझा भाऊ लाकडाचा एक खाचेचा ठोकळा करून पाठवतो आहे. त्यात पुडी उघडी उभी राहते, दुसऱ्या हातानं धरावी लागत नाही. आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर कामगाराला कामात आधार देतो असं मोठ्या अक्षरांत छापलं आहे. हे काम आपलं होतं. हिवाळ्यापासून त्यांचे हात थरथरत होते आणि त्यांना कुणी मदत करत असेल, तर तो आपला कर्मचारी नव्हता. यापलीकडे मी बोलत नाही. ठोकळा बसवून सवय होईपर्यंत त्यांच्या आकड्याला हात लावू नये.

शेवटी एक खुलासा हवा आहे. आपल्या मोजणीच्या तक्त्यावर चौदा रकाने आहेत, मी दोनदा मोजले. वेग आहे, चुका आहेत, वक्तशीरपणा आहे, बोलायला थांबणंसुद्धा आहे. एका कामगारानं शेजारच्याला सावरलं, तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं? असा रकाना असेल तर त्याचा क्रमांक कळवा. नसेल तर नाही म्हणून कळवा, खाली आपली सही करून.

उत्तर लेखी हवं, गुरुवार एक एप्रिल, दुपारी चारच्या आत. चारला मी बहिणीला घ्यायला येते. फाटकाशीच उभी असेन.

आपली,
फिलोमिना टिअर्नी
डर्मट टिअर्नी (सहीची जागा)