सॅम्पल फ्लॅटमधली छोटी खोली

शनिवार, ७ जानेवारी
घेतली नोकरी! शनिवार-रविवार, दहा ते सहा. काम ऐकून हसूच आलं — बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये घरची बाई असल्यासारखं वावरायचं. लोक बघायला आले की चहाचं आधण चढलेलं हवं, सोफ्यावर मासिक उघडं हवं. "घर नांदतं वाटलं पाहिजे," विक्रीवाल्या बाई म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "आठवडाभर छापखान्यात डोळे फोडतेस ते पुरत नाही?" पुरतं की! औषधांच्या पत्रकांतल्या चुका शोधून शोधून शुक्रवारपर्यंत डोकं आंबतं. पण सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं समोरासमोर बसतो आणि चिंगीचं नाव कोणीच काढत नाही. दोन वर्षं झाली. त्यापेक्षा हे बरं.

रविवार, ८ जानेवारी
कपाटाच्या दाराला आतून फोटो चिकटवलेत. जाताना प्रत्येक वस्तू फोटोतल्यासारखी ठेवायची. आतली छोटी खोली मुलांची. पिवळी चादर, गोष्टीचं पुस्तक, कापडी हत्ती. आणि बाहेर दाराशी लहान बूट — चिंगीच्याच मापाचे. ती पाच वर्षांची होती तेव्हाच्या. म्हणजे शेवटच्या.

हात लावला नाही.

शनिवार, १४ जानेवारी
चष्मा घरी विसरले. नवरा आणून देऊन गेला. छोट्या खोलीच्या दारापर्यंत आला, "चांगलंय" म्हणाला आणि निघाला. चिंगी गेली त्याच आठवड्यात यानेच तिचे कपडे, खेळणी, सगळं खोक्यांत भरून देऊन टाकलं होतं. मला विचारलंसुद्धा नाही. दगड आहे नुसता!

शनिवार, २१ जानेवारी
पुस्तक पान बारावर उघडं ठेवून गेले होते. आज चौदावर. बघायला आलेल्या कोणी चाळलं असेल.

रविवार, २२ जानेवारी
एका बाईंनी सहज विचारलं, "मुलं कुठंयत?" माझ्या तोंडून निघून गेलं — "एकच आहे. खेळायला गेलीय."

दिवसभर पाय जमिनीवर नव्हते. घरी आल्यावर मात्र स्वतःचीच भीती वाटली.

शनिवार, २८ जानेवारी
पिवळ्या चादरीवर खळगा. कोणीतरी बराच वेळ बसल्यासारखा.

आणि बुटांच्या नाड्या! फोटोत त्या सुट्या आहेत. आज बांधलेल्या — दुहेरी गाठ, टोकं बुटाच्या आत खोचलेली. चिंगीच्या अशाच असायच्या, पळताना पायात येऊन पडू नये म्हणून. माझ्या नजरेतून कानामात्रा सुटत नाही, हे भास आहेत असं मला कोणी सांगू नये.

गाठ सोडली नाही. नियम गेला खड्ड्यात.

रविवार, २९ जानेवारी
नवऱ्याला सांगणार होते. पण नको. वेड लागलंय म्हणेल, नोकरी सोड म्हणेल. मग ती मला भेटणार कुठे?

शनिवार, ४ फेब्रुवारी
फ्लॅट विकला गेला. शुक्रवारी सामान उचलणार. "छोट्या खोलीत त्यांना कम्प्युटरचं टेबल टाकायचंय," विक्रीवाल्या बाई म्हणाल्या. किती आनंदात होत्या!

पुन्हा खोकी. हत्ती पर्समध्ये घालून पाहिला. मावत नाही.

रविवार, ५ फेब्रुवारी
विक्रीवाल्या बाई आज हसत होत्या. "आता त्या बुधवारच्या साहेबांचं काय करायचं? तीन बुधवार येतायत. घेतो म्हणत नाहीत, नको म्हणत नाहीत. छोट्या खोलीत अर्धा तास बसतात आणि जातात."

म्हणजे चादर, पुस्तक, सगळे याचेच उद्योग! आणि मी बापडी... रडूच आलं. मग संताप आला. माझ्या चिंगीच्या चादरीवर बसणारा हा कोण उपटसुंभ? बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकते. चांगली खरडपट्टी काढते त्याची.

बुधवार, ८ फेब्रुवारी
दाराशी लहान बूट. शेजारी नवऱ्याचे ऑफिसचे बूट.

शाळेत जाताना चिंगीच्या नाड्या बांधायचं काम त्याचं होतं. रोज. मी कशी विसरले?

मीही चपला काढल्या. तिच्या बुटांच्या दुसऱ्या बाजूला ठेवल्या आणि आत गेले.