मुकादममामांचा शब्द

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुलाच आधी सांगतोय. तू रागावलीस तर बरं वाटेल.

आमच्या शाफ्टचं, म्हणजे त्या खोल उभ्या खड्ड्याचं, काम तुला ठाऊक आहे. ओल्या वाळूत वर्तुळात नळ्या रोवायच्या, त्यांतून उणे तीस अंशांचं खारं पाणी फिरवून जमीनच गोठवायची, आणि त्या बर्फाच्या कड्याच्या आत खणत जायचं. सोमवारी मुकादममामांनी त्या गोठवलेल्या भिंतीवर हातोडी ठोकली आणि म्हणाले, साहेब, इथे नुसती थिजलीय, गोठली नाही. मी वीस माणसांत म्हणालो, मामा, भिंत आहे ती, तूप नव्हे. सगळे हसले. जवळचा थर्मामीटर उणे दाखवत होता, म्हणून खणायला सांगितलं. मंगळवारी तिथूनच पाणी फुटलं. दोघांना शिडीवर ढकलताना ढासळत्या भिंतीखाली मामांचा पाय चिरडला.

अहवाल मला लिहायचाय. मोठे साहेब म्हणतात, पूर्वसूचना नव्हती एवढंच लिही. मामा कुणाजवळ चकार शब्द बोललेले नाहीत. तेच खुपतंय.

भाच्यांना पापा.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं आणि भरून आलेल्या डोळ्यांचा दोष चष्म्यावर ढकलला.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेत एकदा आई डबा घेऊन फाटकापर्यंत आली आणि मोडकंतोडकं इंग्रजी बोलली. मैत्रिणी हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून ती डबा घेऊन पलीकडच्या कोपऱ्यावर थांबू लागली. त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही, आणि आता ती नाही.

घडलं ते लिही. नोकरी गेली तर माझ्याकडे ये. दोन वेळा जेवशील, फक्त भांडी घासावी लागतील. मामांना मात्र समक्ष भेट. चिठ्ठीवर भागवणं ही आपल्या घराण्याची खोड आहे.

माझी माया आटायची नाही, पण तिला मान खाली घालायला लावू नकोस.

तुझी,
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

मामांचं वाक्य जसंच्या तसं घालून अहवाल दिला. मोठ्या साहेबांनी तो ठेवून घेतला. पुढचं पुढे.

इस्पितळात मामांच्या खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि माफी मागितली. त्यांनी प्लास्टरवरची चादर सरळ केली. मग म्हणाले, साहेब, हसलात वीस जणांत, आणि माफी पडद्याआड?

उद्या पाळी बदलताना सगळ्यांना शाफ्टच्या तोंडाशी बोलावलंय. काय बोलायचं ते चारदा लिहिलं, चारदा फाडलं.

लोभ ठेव. उद्या सकाळी लागेल.

तुझा,
धाकटा