काचपेटीतल्या वहीचे एक पान उलटण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
वेत्रवती विश्वविद्यालय,
झाशी (उ. प्र.)

विषय : ग्रंथालयाच्या दर्शनी दालनातील काचपेटीत ठेवलेल्या सांख्यिकीच्या वहीचे पान, फक्त एक, उलटण्याबाबत.

संदर्भ : १) ग्रंथालयाची योजना 'महाग पाठ्यपुस्तकांना परवडणारे पर्याय'.
२) अर्जदाराचे याच विषयावरील यापूर्वीचे अर्ज, जे आपल्या कार्यालयात सुखरूप आहेत.

महोदय,

१. खाली सही करणारा अर्जदार, यज्ञेश्वर बापूराव धामणकर, रेल्वेच्या कारखान्यातून सेवानिवृत्त झालेला कारकून असून झाशीतच जन्मला व वाढला आहे. या वेळचा अर्ज त्याने मुद्दाम मराठीत केला आहे. हिंदीतले अर्ज वाचू शकणारी मंडळी आपल्या कार्यालयात पुष्कळ आहेत, त्यामुळे ते कोणीच वाचत नाही. मराठी वाचणारे तेथे आपण एकटेच. तेव्हा हा कागद फिरून फिरून शेवटी आपल्याच टेबलावर येईल, असा अर्जदाराचा अंदाज आहे.

२. अर्जदाराची पत्नी, कै. प्रेमला धामणकर, याच विश्वविद्यालयात सांख्यिकी शिकवीत असे. या विषयाचे नेमलेले पुस्तक इतके महाग आहे की मोठ आणि गुरसराय या आसपासच्या गावांहून येणाऱ्या मुली वर्गणी काढून एक प्रत घेत आणि ती आळीपाळीने घरी नेत. परीक्षेच्या सुमारास जिची पाळी असे, ती पास होई. प्रेमलाने बरीच वर्षे हे पाहिले, आणि निवृत्त झाल्यावर एक जाड वही आणून सगळा अभ्यासक्रम सोप्या हिंदीत स्वतःच्या हाताने लिहून काढला. वही पुरी झाली आणि गेल्या वर्षी माघात ती वारली.

३. पुढे ग्रंथालयाने उपरोक्त योजना जाहीर केली. ग्रंथालय महाग पुस्तकांच्या राखीव प्रती वाचायला ठेवील, प्राध्यापकांनी लिहिलेल्या टिपणांच्या प्रती छापून मुलांना मोफत वाटील, असे त्यात होते. अर्जदाराने वही नेऊन दिली. घरी झेरॉक्स काढून ठेवली नाही, कारण ती सगळ्यांनाच मिळणार होती.

४. योजनेचे उद्घाटन थाटात झाले. नारळ फुटला, दिवा लागला. प्रमुख पाहुण्यांनी छायाचित्रासाठी वही मधोमध उघडली, तिला झेंडूचा हार घातला, आणि ती तशीच उघडी काचपेटीत ठेवून पेटीला कुलूप लावण्यात आले. छपाई राहिली. ग्रंथपाल महोदयांचे म्हणणे असे की छापायला वही बाहेर काढावी लागेल, आणि बाहेर काढली तर योजनेत दाखवायला काहीच उरणार नाही. झेंडू सुकल्यावर त्या जागी प्लास्टिकचा हार आला. तो सुकत नाही.

५. आता मुख्य मुद्दा. वही जिथे उघडली आहे, तिथे असे उदाहरण आहे : एक बस झाशीहून मोठला ताशी साठ किलोमीटर वेगाने गेली आणि ताशी चाळीस वेगाने परत आली, तर तिचा सरासरी वेग किती? उजव्या पानावर उत्तर दिले आहे : पन्नास. त्याभोवती ठळक चौकट आहे. हे उत्तर चूक आहे. परत येताना बस हळू आली, म्हणजे रस्त्यावर जास्त वेळ होती, म्हणून सरासरी पन्नासाच्या खाली येते. ती अठ्ठेचाळीस. प्रेमलाची शिकवण्याची रीतच तशी होती. मुले जी चूक हटकून करणार, ती आधी स्वतः फळ्यावर करून दाखवायची, मुलांना मान डोलवू द्यायची आणि मग ती सोडवायची. बरोबर उत्तर त्याच पानाच्या मागे आहे. उजव्या पानाच्या तळाशी तिने 'पन्ना पलटिए' असे लिहिलेही आहे. त्यातले 'पन्ना' दिसते. बाकीचे हाराखाली आहे.

६. योजनेचा प्रचार मात्र उत्तम झाला, हे अर्जदार मोकळ्या मनाने मान्य करतो. त्या उघड्या पानाचे मोठे छायाचित्र भित्तिपत्रकावर छापून बबीना, मोठ, गुरसराय येथील महाविद्यालयांत लावण्यात आले. मोबाइलवरून ते त्याच्याही पुढे गेले. ग्रंथालयात मुले परीक्षेच्या आदल्या दिवशी पेटीला हात लावून तो कपाळाला लावतात. तेथील चौकीदार मोठ्या प्रेमाने सांगतो, “धक्का मत दो भैया, लाइन से आओ, सबको दर्शन होंगे.” अर्जदार दर सोमवारी जाऊन रांगेत उभा राहतो. त्यास वेगळी वागणूक नको आहे.

मग परीक्षेत ते उदाहरण आले. ज्यांच्याकडे महाग पुस्तक होते त्यांनी अठ्ठेचाळीस लिहिले. ज्यांनी परवडणारा पर्याय वापरला त्यांनी पन्नास लिहिले. मोठची लीला कुशवाहा नावाची विद्यार्थिनी अर्जदारास घरी येऊन भेटली. ती रडली वगैरे नाही. एवढेच म्हणाली, “बाबूजी, मैडम ने पचास लिखा था, तो हमने भी पचास लिख दिया. मैडम से भी गलती हो जाती है क्या?” अर्जदाराने तिला पाणी दिले, आणि पुढच्या पानावर काय आहे ते सांगितले. त्यावर ती म्हणाली, “तो पन्ना पलट दीजिए न.”

७. अर्जदारास या सर्वाचे फार काही वाटते असे नाही. वाटणे गेल्या वर्षीच्या माघापासून बंद आहे. डॉक्टर म्हणतात, येईल परत. परंतु कामाची सवय असल्याने त्याने पुढीलप्रमाणे पाठपुरावा केला.

ग्रंथपाल महोदयांनी कळविले की पेटीची किल्ली मालमत्ता विभागाकडे आहे. मालमत्ता विभागातील बडे बाबू म्हणाले, “किल्ली तो हमारे पास है बाबूजी, पर पेटी में क्या है, ये हमारा विषय नहीं. हमारा विषय पेटी है.” त्यांच्या दप्तरी 'काचेची पेटी, आतील वस्तूंसह, एक नग' अशी नोंद आहे. पान उलटल्यास आतील वस्तू बदलली असे होईल काय, यावर त्यांनी वर विचारणा केली. वरून उत्तर आले की मूल्यांकन समितीने भेटीच्या वेळी या पेटीची प्रशंसा केली असून पुढील भेटीपर्यंत ती जैसे थे ठेवावी. समिती केव्हा येणार, असे अर्जदाराने विचारले. बडे बाबूंनी चहा मागवला. चहा चांगला होता.

अर्जदाराने मग छायाप्रत मागितली. ती भित्तिपत्रकावरून काढलेली मिळाली, उघड्या पानाची.

८. शेवटी प्रकरण सांख्यिकी विभागाकडे अभिप्रायासाठी गेले. तेथे प्रेमलाच्या खुर्चीवर सध्या जे प्राध्यापक आहेत, त्यांनी पेटीजवळ उभे राहून पान वाचले व उत्तर चूक असल्याचा अभिप्राय दिला. तो बरोबरच आहे. पान उलटून पाहावे असे अर्जदाराने सुचविले असता ते हसून म्हणाले, “मुफ़्त की चीज़ है धामणकर जी, मुफ़्त जैसी ही होगी.” त्यांच्या अभिप्रायावरून आता येत्या सोमवारी ग्रंथालय समितीच्या बैठकीपुढे पुढील प्रस्ताव येत असल्याचे समजते : सदर वही सदोष म्हणून बाद करावी, तिची विल्हेवाट रद्दीच्या नियमांनी लावावी, प्राध्यापकांची टिपणे यापुढे स्वीकारू नयेत, आणि रिकाम्या पेटीत नेमलेले महाग पाठ्यपुस्तक ठेवावे, जेणेकरून गरजू विद्यार्थ्यांना ते निदान पाहता येईल.

वरून आलेला 'जैसे थे'चा आदेश पान उलटण्यास लागू झाला आणि रद्दीस लागू झाला नाही, याचे कारण अर्जदाराने विचारलेले नाही. ते असणारच.

९. पुढच्या पानावर बरोबर उत्तर आहे यास पुरावा काय, असे आपले कार्यालय विचारील. अर्जदारास सांख्यिकी येत नाही. पण हे उदाहरण त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्यासमोर तयार झाले. ती भेंडी चिरीत होती, अर्जदार कढईपाशी होता. ती म्हणाली, “अहो, बस मोठला साठाने गेली, चाळिसाने परत आली. सरासरी किती?” अर्जदाराने कढईवरून नजर न हलवता सांगितले, “पन्नास. त्यात काय आहे?” ती खूश झाली. म्हणाली, “अगदी! सगळे असंच सांगणार. आधी तुमचंच उत्तर लिहिते, मोठी चौकट करून. मग पान उलटलं की हळूच सांगते.” नंतर जेवताना तिने अर्जदारालाही हळूच सांगितले. अर्जदार म्हणाला की बस मोठहून परत येताना नेहमी उशीरच करते. ती म्हणाली, “तेच तर!”

१०. सबब विनंती की, सोमवारच्या बैठकीपूर्वी कोणाही सक्षम अधिकाऱ्याने पेटी उघडून सदर पान उलटावे. हार काढण्याची आवश्यकता नाही, थोडा सरकवला तरी चालेल. वही परत मिळावी अशी अर्जदाराची मागणी नाही. ती ज्यांच्यासाठी लिहिली आहे ती मुले तेथेच येतात.

पान उलटणे नियमांत बसत नसल्यास, निदान सोबत जोडलेली चिठ्ठी पेटीवर लावण्याची परवानगी द्यावी. त्या पानावरचे उत्तर ज्याचे आहे त्याच्या नावावर ते चढावे, आणि समितीने बाद करायचेच असेल तर त्यास करावे. त्याची हरकत नाही.

आपल्या सवडीची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
यज्ञेश्वर बापूराव धामणकर

झाशी, दि. १६ नोव्हेंबर २०१९

सोबत :
१. उघड्या पानाची छायाप्रत, ग्रंथालयाकडून मिळालेली.
२. पुढच्या पानाचा मजकूर, अर्जदारास आठवतो तसा. हिंदी कु. लीला कुशवाहा हिची. तिने आकडेमोड तपासली असून उत्तर अठ्ठेचाळीसच येते.
३. चिठ्ठी, हिंदीत, मोठ्या अक्षरात : 'यह उत्तर श्री धामणकर का है. मैडम का उत्तर इस पन्ने के पीछे है.' मागे गोंद लावलेला आहे. काचेवर बाहेरून चिकटते. किल्ली लागत नाही.