व्याहीबुवांस, भुशाच्या मशीनविषयी

पोंभुर्णा,
सोमवार, दिवाळीनंतरचा दुसरा आठवडा

श्री. सोमाजीभाऊ यांच्या सेवेशी, मुलीच्या बापाचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहे. तिकडे तुमची कंबर आणि केसरबाईंची शुगर आटोक्यात असेल असे धरून चालतो. जावईबापूंचा खोकला कसा आहे? (हे ज्योत्स्नाने सांगितलेले नाही. आमची पोरगी सासरची गोष्ट माहेरी आणणारी नव्हे. परवा ती फोनवर धानाच्या कापणीचे सांगत होती आणि मागे कोणीतरी सारखे खोकत होते. आधी मला वाटले तुमची म्हैस असेल. क्षमा असावी.) खरे तर फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून सगळे घर ऐकते, आणि मला जे सांगायचे आहे ते सगळ्या घराने ऐकण्यासारखे नाही. म्हणजे तसे विशेष काही नाही. मी फक्त माझ्या कारखान्यातल्या मशीनबद्दल लिहिणार आहे.

आधीच स्पष्ट करतो की मुलीच्या बापाने मुलाकडच्यांच्या कारखान्यात नाक खुपसू नये हे मला पुरते कळते. लग्नात मांडवाच्या दारातली चौकट पाहून तुम्ही चार माणसांत विचारले होते, "हे कोनं ठोकलं जी?" ती मी स्वतः ठोकली होती. तरीही मी हसून पानाचे तबक पुढे केले. नऊ वर्षे झाली, मी त्यावर एक अक्षर बोललेलो नाही, आणि आजही बोलत नाही. तेव्हा पुढे जे येईल त्याला कृपा करून सल्ला समजू नये.

तर आमच्या मुलाने, प्रणितने, पावसाळ्याच्या तोंडावर हौसेने भुसा ओढणारी मशीन आणली. एक मोठी मोटर, तिच्याखाली पिंप, आणि पिंपापासून रंध्याच्या मशीनपर्यंत, कटरपर्यंत हत्तीच्या सोंडेसारखे पाइप. लाकूड कापले की भुसा हवेत उडायच्या आत पाइपात जातो. आवाज फार म्हणून मोटर मागच्या टिनाच्या खोलीत ठेवली आणि बटनही तिथेच बसवले. कटरपासून बटन अकरा पावलांवर, मध्ये सागाच्या फळ्यांची थप्पी. आता तुम्हीच सांगा, एक फळी कापायची म्हणून अकरा पावले जाऊन बटन दाबणारा आणि परत येऊन कापणारा सुतार तुम्ही पाहिला आहे का? मी नाही. महिनाभर आम्ही मशीनला रोज नमस्कार करून भुसा नाकाने ओढत होतो. (आता तसे नाही. आता आमच्या कारखान्यात उन्हाची तिरीप आली तरी तिच्यात काही उडताना दिसत नाही. हे सहज लिहिले.)

मग प्रणितने रिमोट आणला. मोटारसायकलच्या किल्लीला असतो तेवढासा, दोन बटनांचा. हिरवे दाबले की मशीन सुरू, लाल दाबले की बंद. सुताराच्या अंगावर वस्तू ठेवायला एकच खात्रीची जागा असते, ती म्हणजे कान, आणि तिथे माझी पेन्सिल असते. दुसऱ्या कानावर रिमोट बसेना. शर्टाच्या खिशात ठेवला तर वाकलो की पडे. शेवटी तुमच्या विहीणबाईंनी, आमच्या वच्छलाने, त्याला काळा गोफ ओवून माझ्या गळ्यात घातला. एकसष्टाव्या वर्षी गळ्यात गोफ घालून मी गावात फिरलो, आणि लोकांनी कोणत्या बाबाचा म्हणून विचारले. मी सांगितले, भुशाचा.

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी शेजारचा श्रावण तणतणत आला. त्याच्या बोअरच्या मोटरीलाही रिमोट आहे, तोही त्याच दुकानातला, आणि दोन्हींचा नंबर एकच निघाला. "गुनवंतभाऊ, तुमी तिकडे लाकूड कापून राह्यले अन् माही टाकी इकडे वाहून राह्यली! घरातले चटयासुद्धा भिजले ना जी!" मी म्हटले, आणि तू आंघोळीला बसलास की माझी मशीन रिकामी गरजते, त्याचे काय? दोघांनी बसून समझोता केला. मी कापायचे तेव्हा त्याच्या घरच्यांनी पाणी भरायचे. आठ दिवस त्याच्या घरातली सगळी माणसे माझ्या ऑर्डरींप्रमाणे आंघोळ करत होती. दिवाणाचे काम निघाले त्या दिवशी त्यांनी गोधड्याही धुवून घेतल्या. पुढे प्रणितने नंबर बदलून दिला. श्रावणची बायको अजून विचारते, मोठी ऑर्डर कधी आहे म्हणून.

खरा प्रसंग दसऱ्याचा. हत्यारांची पूजा तुमच्या-माझ्याकडे सारखीच. करवत, पटाशी, रंधा, वाकस, सगळे धुऊन पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. यंदा प्रश्न पडला की रिमोट हे हत्यार आहे की नाही. प्रणित म्हणाला नाही. वच्छला म्हणाली, "ज्याच्यानं काम होते ते हत्यारच जी." आणि तिने तोही पाटावर ठेवला. पूजा तिची हात राखून नसते. हळद कालवलेली होती, ओली. ती बटनांच्या फटीत गेली आणि हिरवे बटन जे खाली बसले ते वर येईना. ऐन आरतीत मागच्या खोलीत मोटर गरजली. फरशीवरचा भुसा ओढायचा पाइप पाटाला लागूनच होता. आधी अक्षता गेल्या, मग झेंडू, मग आपट्याची पाने, आणि आम्ही आ वासून पाहत असताना गोफासकट रिमोटही गेला. वच्छलाचा एकच प्रश्न, "आज सारे हत्यारं निजले हायेत, मंग हे एकटंच काऊन उठलं?"

पिंपात पडल्यावर रिमोट शांत राहता तर ठीक होते. पण आतल्या झेंडूखाली कुठले बटन दाबले जाई कोण जाणे, मशीन मनाला येईल तेव्हा बंद पडे आणि मनाला येईल तेव्हा सुरू होई. गाव बघायला जमले. प्रणित रिमोट गिळलेल्या मशीनकडे हात जोडून उभा, म्हणून मीच फळ्यांच्या थप्पीवर चढून मेन बटनाकडे निघालो. (मध्येच थोडा बसलो. गुडघ्यामुळे.) ती एकदाची बंद केली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तर अशी ही मशीन आहे, सोमाजीभाऊ. मनस्ताप आहे नुसता. तरी तुमच्याकडे सध्या वडशाच्या नाटकवाल्यांच्या रंगमंचाचे काम जोरात असेल, दिवसभर प्लाय कापावी लागत असेल, म्हणून मला आपली आठवण झाली, एवढेच.

केसरबाईंना नमस्कार. ज्योत्स्नाला आशीर्वाद. कमी-जास्त लिहिले असेल तर मुलीकडच्यांचे म्हणून सोडून द्यावे.

आपला,
गुणवंतराव

ता. क. प्रणितकडे अशीच एक मशीन जास्तीची आली आहे, रिमोटसकट. ठेवायला जागा नाही. तो बुधवारी गाडीत टाकून कुरखेड्याला आणेल. काही दिवस तुमच्याकडे राहू द्यावी. राहतेच आहे तर त्याने जोडून दिली तर हरकत नसावी.

दुसरा ता. क. जागा भरपूर आहे. मशीन जास्तीची नाही, जावईबापूंसाठी म्हणून मागवली आहे. आणि आमची प्रणितने हौसेने आणली असे वर लिहिले तेही खरे नाही. त्याला ती आणायला मी लावले. मे महिन्यात चंद्रपूरला डॉक्टर माधवीबाईंनी माझ्या छातीचा फोटो खिडकीशी धरून दाखवला. त्यांनी विचारले, "काका, हे कधीपासूनचं?" मी म्हटले, "बाई, मी सुतार कधीपासून हाय ते इचारा." त्या हसल्या नाहीत. जे गेले ते परत यायचे नाही, उरले ते सांभाळा, एवढेच म्हणाल्या. रिमोट आला तेव्हापासून मी कारखान्यात खुर्चीवर बसून तो दाबतो आणि प्रणित कापतो. हे वच्छलाला आणि प्रणितला माहीत आहे. ज्योत्स्नाला नाही. हा कागद तिच्या हाती पडू देऊ नका.

तिसरा ता. क. उद्या सकाळच्या एसटीने पाठवायचे म्हणून पाकीट चिकटवले होते, ते फाडून पुन्हा लिहायला बसलो आहे. माझा खोकला सुरू झाला तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, आज आपले जावईबापू, कुलदीप, आहेत तेवढाच. माझे सासरे सुतारच होते. त्यांच्या कानाला तो खोकला कळला होता. पण जावयाला आणि व्याह्याला कसे बोलावे म्हणून ते दर दिवाळीला जंगलातल्या मधाची एक बाटली पाठवत, आणि आमचे वडील ती मोठ्या मानाने ठेवून घेत. अकरा वर्षे मध आला. बोलले कोणीच नाही. माणूस चांगला होता, मला त्यांचा राग येत नाही, पण त्यांनी एकदा तरी तोंड सोडून भांडायला हवे होते असे आता रोज वाटते.

म्हणून मी बोलतो. गुरुवारी सकाळी दहा वाजता माधवीबाईंकडे कुलदीपच्या नावाने नंबर लावला आहे. तुम्हाला न विचारता लावला. वडशाहून सकाळच्या रेल्वेगाडीने त्याला घेऊन या. नाटकवाल्यांचे काम अडेल म्हणून तो नाही म्हणेल. प्रणित बुधवारी येतोच आहे, तो गुरुवारी तुमच्या कारखान्यात उभा राहून रंगमंचाच्या चौकटी करून देईल, आणि त्या तुमच्या पसंतीस उतरल्या नाहीत तर चार माणसांत सांगा. मला भीती वाटते, सोमाजीभाऊ. मी चंद्रपुरात चांदा फोर्ट स्टेशनावर असेन. तुम्ही माझ्याशी न बोलता उतरलात तरी चालेल, पण त्याला घेऊन उतरा.