नातीला तत्त्वज्ञान घेऊ देऊ नका

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या पाचच अंगं टेकतात, बाकीची समजून घ्यावीत). तुमचा कान आणि मामींचे गुडघे बरे असतील, असं धरून चालतो.

नातीला तत्त्वज्ञानाला घालावं का, असं तुम्ही मला विचारलंत. म्हणजे बुडालेल्यालाच पाण्याची खोली विचारलीत. "भाचा घराण्याचं नाव काढील," असं तुम्ही गावभर सांगत होतात आणि मी एक जर्मन शब्द धरून बसलो. मोडीत काढणं, जपून ठेवणं आणि वर उचलणं, असे तिन्ही अर्थ त्यात एकदम येतात. (मामी जुन्या चादरी फाडून, घडी घालून माळ्यावर टाकतात ना, तसं.) हयात त्यात गेली. माझा ग्रंथ चौघांनी वाचला; त्यात मुद्रितशोधक धरलाय, आणि तोही मध्येच आजारी पडला.

मग कॉलेजात नवे प्राचार्य आले. त्यांनी माझ्या नावापुढच्या 'जर्मन तत्त्वज्ञान'मधलं 'जर्मन' एवढंच वाचलं आणि परदेशी निघालेल्या नर्सना जर्मन बोलायला शिकवायला मला बसवलं. मामा, मी पानभर लांबीचं जर्मन वाक्य सोडवतो, पण जर्मनमध्ये पाणी मागायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. "सर, पेशंटला कुठं दुखतंय, हे कसं विचारायचं?" एकीनं विचारलं. माझ्या तत्त्वज्ञांपैकी कुणीच कुणाला हे विचारलेलं नाही. मी जमेल तसं वाक्य जुळवून दिलं. मुलाखतीत तिनं ते म्हटलं, तर अर्थ निघाला, "आपलं दुःख स्वतःत आहे की स्वतःसाठी?" समोरचा डॉक्टर म्हणे बराच वेळ विचारात पडला (मला तेवढंच बरं वाटलं), पण नोकरी काही दिली नाही. ती बिचारी रडली. प्राचार्यांनी माझा विभागच बंद केला आणि वर म्हणाले, "बंद नाही हो, विलीन केलाय." म्हणजे माझा शब्द शेवटी मलाच लागू पडला, फक्त वर उचलणं तेवढं राहिलं. सोमवारी सुतार येऊन दारावरची पाटी उचकटून गेला. झालं, काढलं नाव!

तेव्हा पोरीला म्हणावं, काहीही शीक, पण या वाटेला जाऊ नकोस.

तुमचा भाचा

ता.क. आईला यातलं काही कळवू नका. तिच्या लेखी मला बढती मिळाली आहे.

ता.क. २ जेवताना 'नाही' म्हणजे नक्की काय असतं, यावरून नात तुमच्याशी भांडली, असं तुम्ही लिहिलंत. खरंच? माझ्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात कित्येक वर्षांत कुणी आपणहून प्रश्न विचारलेला नाही. महिनाअखेरपर्यंत विभागाची खोली माझ्याकडे आहे आणि खुर्च्या दोन आहेत. मी तिचं मन वळवणार आहे, असं घरी सांगा. पण मामा, तिला पाठवाच.