'खून' खोडून 'वध'

मंगळवार, दुपार

ती. ताईस,

सा. न. इथे सगळं ठीक आहे. गुडघ्यांचं रडगाणं चालूच. जिन्याला नवा कठडा बसवलाय, त्यामुळे चढ-उतर जमते. आमच्या चिमणीची परीक्षा जवळ आलीय.

सगळं ठीक नाही, ताई.

शेजारचे कंपाउंडर तुझ्याकडे निघालेत, त्यांच्या हाती हे देते. फोनवर बोलायची छाती होत नाही. तुझी लेक मागच्या खोलीत आहे आणि बाहेरून कडी मी घातली आहे. सकाळी धुण्याचे कपडे गोळा करताना तिच्या स्वेटरात पिस्तूल सापडलं. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारी मी. ते शिलाई मशीनच्या खणात कोंबलं. गुरुवारी मंत्र्यांची सभा आहे. तिचा मित्र ज्या गोळीबारात गेला, त्याचा हुकूम या मंत्र्यांचाच.

दाराआडून म्हणाली, "मावशी, उघड. तुमच्याच पुस्तकात आहे ना, अशांचा वध करावाच लागतो?"

आपलं पुस्तक! दोन जिवलग तत्त्वज्ञांचं भांडण. एक म्हणायचा, अन्याय मोडायचा तर हात रक्ताने माखणारच. दुसरा म्हणायचा, खुनाची लाज न वाटणारा बंडखोर उद्याचा जुलमीच. पुढे एकमेकांचं तोंड पाहिलं नाही त्यांनी. भाषांतर तुझं, मी फक्त सुवाच्य प्रत काढली. छापून आलं तेव्हा पहिल्याच्या तोंडी 'खून'च्या जागी सगळीकडे 'वध'. "खून माणसाचा होतो, वध राक्षसाचा. एका शब्दात जिंकवलं मेल्यांनी त्याला!" म्हणत तू छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला फैलावर घेतलंस. बिचाऱ्याची नोकरी गेली.

तो शब्द मी बदलला होता, ताई. माझ्या कॉन्व्हेंटच्या मराठीला तू कायम हसायचीस. मला वाटलं, 'वध' म्हणजे 'खून'च, जरा भारदस्त. सिस्टरांनी वळण लावलेल्या अक्षरात किती शोभला! चूक कळली तेव्हा तोंड उघडायचं धाडस झालं नाही.

आज दाराला तोंड लावून तिला सांगितलं, "बाळा, तिथे खूनच आहे. आईने खूनच लिहिला होता."

आतून म्हणाली, "आणि माझ्या मित्राचं जे झालं, त्याला कुठला शब्द, मावशी?"

मी दूध आणायला उठले.

गॅलरीच्या खिडकीच्या गजांतून दिलेल्या दुधावर साय धरलीय. ती भिंतीकडे तोंड करून बसली आहे, हाक मारली तरी वळत नाही. सोडलं तर जाईल. पोलिसांना सांगितलं तर परत मिळणार नाही. माझं अक्षर बघ, सिस्टरांचं वळण पार गेलंय.

ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. सरळ मागे जा, कडी तू काढ.

तुझ्या लेकीला कोंडून बसलेली,
तुझी धाकटी