गोलकीपरला मूळ

माय, या आखाजीला तुझ्या नावाने घागर भरली, विस्तवावर घासाची आगारी टाकली, आणि आमरसाची वाटी ठेवताना तुला सांगायचं ते मनात घोळत राहिलं. देवापुढे बोलता येतं. तुझ्याशी बोलायला लागले की पोळी करपते, म्हणून लिहून ठेवते.

मी आठवीत असेन. आखाजीला नदीवर पलीकडच्या गावच्या पोरींशी गाण्यांत भांडून, परकर फाडून, घसा बसवून घरी आले. आत्या चुलीपाशी बसलेली, तिचं सुरू झालं, पोरीच्या जातीला एवढा आवाज कशाला. तू पोळी लाटतेस, मान वर करत नाहीस, आणि म्हणतेस, "आखाजीना दिन पोरले काही बोलानं नही." आत्या चुलीत लाकूड सारायला लागली.

आता माझ्या अंगणातल्या दोरीवर अकरा जर्सी वाळतात. गावातल्या पोरींचा फुटबॉलचा संघ आहे. शिकवणाऱ्या सरांची बदली झाली तेव्हा संघ मोडायला आला होता. मी म्हटलं, खेळातलं मला कळत नाही, पण हरभरे भिजवीन, कपडे धुवीन, हिशेब ठेवीन. तुझे जावई म्हणाले, "मॅट्रिक झालीस ती पोरींच्या चड्ड्या वाळवायला का?" मी म्हटलं, तुमच्या वाळवतेच की. पोरी मला अक्का म्हणतात.

आमची गोलकीपर दोन वर्षांमागे जामनेरला दिली. सासऱ्यांनी सांगितलं, खेळ माहेरीच राहिला. तिच्यावाचून संघ लंगडा, आणि तिचंही तोंड उतरलेलं. गेल्या वर्षी ती सणाला माहेरी आली आणि ऐन आखाजीच्या दिवशीच शिरपूरकडच्या पोरींशी सामना ठरला. सातपुड्याच्या पायथ्याच्या पोरी त्या, वाऱ्यासारख्या पळतात. ती म्हणाली, "अक्का, एकदा उभी राहते. मग काय व्हायचं ते होवो."

आणि खेळ सुरू झाल्यावर सासरे मोटारसायकलवर मैदानात हजर. तिचा बाप तर पांढराच पडला. मी पदर नीट केला, पुढे झाले. "आबा, आखाजी शे. माहेरवाशिणीला आज कोणी बोलत नाही. बसा, पाणी घ्या." व्याही माणूस, चारचौघांत काय बोलणार? लिंबाखाली खुर्ची दिली, तीत टोपी पुढे ओढून बसले.

शिरपूरकडच्या पोरींनी आमचा जीव घेतला. चेंडू सारखा आमच्याच अंगावर. जाळीपुढे आमची पोर, गुडघे सोललेले, तोंड धुळीने माखलेलं, एकेक चेंडू छातीवर घेते आहे. आबांनी टोपी मागे सारली. थोड्या वेळाने शेजाऱ्याला विचारतात, "ती जाळीपुढली पोर कोनी शे? वाघीण शे!"

शेजारी म्हणाला, "आबा, तुमनीच सून."

घरात ती डोक्यावरून पदर घेऊन, खाली मान घालून ताट वाढायची. त्यांनी तिचं तोंड धड पाहिलेलंच नव्हतं. सामना बरोबरीत सुटला, तसे तिच्या बापापाशी येऊन म्हणाले, "आमनी सून व्हती म्हनीसन वाचनात तुम्ही."

बापाने हात जोडले. "पुढच्या सामन्याला पाठवाल का, आबा?"

"आशी कशी यी? रीत शे का नही काही? मूळ लावा."

माय, मला हसू आवरेना. सून खेळायला गेली, असं त्यांना गावात म्हणता येत नव्हतं. माहेरचं माणूस मूळ होऊन न्यायला आलं, पाठवावीच लागली, असं म्हणता येत होतं. बाप शेतात अडकलेला, भाऊ नाही. तेव्हा आता दर सामन्याला मूळ म्हणून मीच जाते. नारळ आणि खण घेऊन जामनेरला उतरते. पहिल्या वेळी तिच्या सासूने विचारलं, "तुम्ही पोरीच्या कोण?" मी म्हटलं, संघाची. तिने चहा टाकला, आणि सुनेचे खेळायचे बूट स्वतः पिशवीत घालून दिले.

हे तुला कुठल्या पत्त्यावर धाडू? देव्हाऱ्याखाली ठेवून देईन. पण एक सांगते, कोणाला बोलले नाही. तू गेल्यावर मला न्यायला कोणी आलं नाही. परतीच्या एसटीत ती पोर खिडकीची जागा मला देते, पिशवी मांडीवर घेते, आणि जामनेर मागे पडलं की मला वाटतं, मूळ तीच आहे, नेतेय ती मला.